वॉर्ड चारमध्ये कोणी पडत नाही

२ मार्च, सोमवार. सकाळी ९:१०
आजपासून नवं पर्व. हॉस्पिटलचा गुणवत्ता अधिकारी या नात्याने वॉर्ड चारच्या दारात पांढरा फळा लावला. वर लिहिलं, 'एकही रुग्ण न पडता गेलेले दिवस'. खाली शून्य. तीन आठवड्यांनी तपासणी समिती येणार, तोवर एकवीस करून दाखवायचे. अक्षर तिरकं आलं. पुसून पुन्हा लिहिलं. पुन्हा तिरकं. फळाच तिरका आहे.

४ मार्च, बुधवार
दोन. गेल्या महिन्यात या वॉर्डात पाच जण पडले. एका आजींचा खुबा मोडला. रात्रभर सगळे कागद वाचले. पाचही जण पडण्याआधी उभे होते! हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. नियम केला: विचारल्याशिवाय पलंगावरून उतरायचं नाही. गाद्यांखाली अलार्म. उठलं की वाजतो.

६ मार्च
चार. अलार्म कूस बदलली तरी वाजतो. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, सर, माणूस झोपवून ठेवला की पाय विसरतात. मी म्हणालो, पुरावा आहे का? म्हणाल्या, अठ्ठावीस वर्षं आहेत. नोंद केली: जुने कर्मचारी, बदलाला विरोध.

९ मार्च, सोमवार
सात. बाबांना न्यूमोनिया. वॉर्ड चारमध्येच आणलं, सिस्टरांच्या टेबलासमोरचा पलंग. बायकोला म्हणालो, इथे त्यांना डोळ्यांत तेल घालून जपतील. ती म्हणाली, डोळ्यांत कशाला, गुडघ्यांना लावा.

१२ मार्च
दहा. ताप उतरला. बाबांना बाथरूमपर्यंत चालत जायचंय. चौतीस वर्षं पायी टपाल वाटलं, त्यामुळे पाय स्वस्थ बसत नाहीत. मी भांडं द्यायला सांगितलं. ते म्हणाले, अरे, मी आजारी आहे, अटकेत नाही. शेजारचे दोघे हसले. डॉक्टरांनी कागदावर 'हळूहळू चालवा' लिहिलंय. सिस्टरना समजावून सांगितलं, हळूहळू म्हणजे तेवीस तारखेनंतर.
मलाही चैन नाही. दिवसभर वॉर्डात फेऱ्या. फोन म्हणतो, चौदा हजार पावलं. तब्येतीला चांगलंच.

१३ मार्च. दुपारी
आजपासून मनात फळ्याचा विचार आणायचा नाही. जेवताना आला.

१७ मार्च, मंगळवार
पंधरा! बाबांनी दोनदा पाय खाली सोडले. दोन्ही वेळा अलार्म, सिस्टर धावत. दुसऱ्यांदा म्हणाले, शिंकलो फक्त. मी जरा आवाज चढवला. बाबा, सगळ्यांसमोर माझी लाज काढू नका, असं काहीतरी. संध्याकाळपासून अगदी निमूट पडून आहेत. समजूतदारपणा आला. बायको म्हणते, ते गप्प झालेत. एकाच गोष्टीकडे बघायच्या दोन पद्धती.

२० मार्च
अठरा. बायको बाबांच्या पोटऱ्या चोळत होती. म्हणाली, हाताला काही लागतच नाही हो. मी तिला न पडलेल्या दिवसांचा आलेख दाखवला. तिने पांघरूण सारखं केलं आणि डबा घेऊन निघून गेली. घरी कोणाला आलेख वाचता येत नाही, ही खरी अडचण.

२३ मार्च, सोमवार. दुपारी ४
एकवीस. समिती आली. फोटो झाले. अध्यक्षबाई पलंगापलंगाशी थांबल्या. मग विचारलं, यातले चालतात किती? मी म्हणालो, तो रकाना फॉर्ममध्ये नाही. त्यांनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. एवढं लिहिलं म्हणजे कौतुकच असणार. तरी फळ्यापाशी चार चकरा मारल्या. चहा जास्त झाला.

२४ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ७
बाबांना आज घरी न्यायचं होतं. सकाळी दहाला न्यायचं होतं.
बायकोने त्यांना नवा सदरा घातला, मी चपला पुढे ठेवल्या. म्हणालो, चला बाबा, आता खुशाल चाला. ते पलंगाच्या कडेला बसले. आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिले, जणू दुसऱ्याच कोणाच्या तरी घरी आलेत. उभे राहिले. दोन्ही पाय थरथरले आणि विझल्यासारखे झाले. मी धरायला गेलो, तर दोघेही खाली. अलार्म वाजत राहिला.
कुठे लागलं नाही. सिस्टर फॉर्म घेऊन आल्या. मी जमिनीवरूनच म्हणालो, सिस्टर, हे पडणं नव्हे, मी त्यांना अलगद खाली बसवलं. त्यांनी फॉर्म आणि पेन माझ्यापुढे धरलं. बायको दारातल्या फळ्याकडे बघत होती.
बाबा म्हणाले, पडला म्हणूनच लिही रे. निदान उभा राहिला होता, एवढं तरी लोकांना कळेल.
लिहिलं. पुढे 'कारण' असा रकाना. आधी 'वय' लिहिलं. खोडलं. 'अशक्तपणा' लिहिलं. तेही खोडलं. मग स्वतःचं नाव लिहिलं, हुद्द्यासकट.
सिस्टरनी ते वाचलं. फॉर्मची घडी करून खिशात घातली, गादीखालचा अलार्म काढला आणि म्हणाल्या, या सर, तुम्ही त्यांना डावीकडून धरा. घाई करू नका. उजवीकडून मी आहे.