न विचारता

९ ऑगस्ट, दुपार

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा आई जास्त. सातवा महिना लागला तरी तू तपासणीला दवाखान्याच्या दाराशी जाऊन परत फिरतेस, हे तुझ्या नवऱ्याने तिला फोनवर सांगितलं. तेव्हापासून माझ्यामागे धोशा, "तू नर्स ना? हाताला धरून ने तिला." माझाही जीव टांगणीला लागलाय.

आमच्या दवाखान्यात, जबरदस्ती झालेल्या बायकांसाठी वेगळी खोली सुरू झाली आहे. मी तिथेच असते. रांग नाही, पोलिसांकडे जायची सक्ती नाही, दाराला आतून कडी. प्रत्येक गोष्ट विचारून करायची. नको म्हटलं की हात मागे. एवढं साधं शिकायला मला बावीस वर्षं नोकरी करावी लागली.

काल एक मुलगी आली, सोबत मोठी बहीण. काहीही विचारलं की उत्तर बहिणीचं. शेवटी बहिणीला बाहेर बसायला सांगितलं. ती चिडली, "तिला काय हवं ते मला कळतं."

चिमणे, मीही अशीच वागले. तू शिकवणीहून तशी घरी आलीस तेव्हा तुला काही विचारलंच नाही. न्हाणीत नेलं, घासून घासून धुतलं, कपडे जाळले, गोळी गिळायला लावली आणि ब्र काढू नकोस म्हणून बजावलं. तू दोनदा म्हणालीस, "ताई, नको." मी तुझा हात घट्ट धरून ठेवला. मला वाटलं, मी तुला सावरतेय. ही डॉक्टरांना एवढी का घाबरते, असं आई विचारते. मला ठाऊक आहे, पण मी गप्प बसते. चुकले मी, फार चुकले.

आता तुझी आणि बाळाची काळजी झोपू देत नाही. आमच्या डॉक्टरबाई पहिल्या भेटीत हातही न लावता नुसत्या बोलतात. दिवस तू ठरवायचास, सोबत कोण तेही. अर्ध्यावर उठलीस तरी कुणी अडवणार नाही. त्यांचा नंबर मागे लिहिलाय. मी नको असेन तर त्या दिवशी रजा टाकेन, दवाखान्याच्या आसपासही फिरकणार नाही.

आईला काही सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही, ते तुझं.

मला उत्तर नाही दिलंस तरी चालेल. त्यांना मात्र फोन कर.

तू अजून म्हणत असशील तर,
तुझी ताई