अजून मासा मिळाला नाही

५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवतेस आणि स्वतः मात्र वेळेवर जेवत नाहीस, हे तुझ्या अक्षरावरूनच दिसतं. इकडे सगळं ठीक. तुझ्या बटणाचा खोकला गेला. परवा तिनं शाळेत नाव विचारल्यावर बटण असंच सांगितलं म्हणे. लहानपणी माझ्या डब्यातलं बटण गिळलं तेव्हा आपण गमतीनं पाडलेलं नाव आता जन्मभर चिकटणार असं दिसतंय.

मोठी बातमी अशी की आम्ही दोघं मासे धरायला शिकतो आहोत. हसू नकोस. मला पाण्याची भीती वाटते ते ठाऊक आहे मला, पण काठावर बसून धरायचे आहेत. दर रविवारी काठ्या खांद्यावर टाकून माणसं माझ्या शिंप्याच्या दुकानावरून तळ्याकडे जातात आणि तुझी लेक पायरीवर बसून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहते. शेवटी गेल्या रविवारी मी हातातला कोट तसाच ठेवला, पडद्याची जुनी काठी काढली, तिला काजाचा पक्का दोरा बांधला, कोपऱ्यावरून गळ आणला आणि निघालो. कोटाची बटणं वर्षानुवर्षं धरून ठेवणारा दोरा माशाला का नाही धरणार, असा माझा हिशेब. तो भिजून मऊ पडला, शेवाळात अडकला आणि तुटला. शेजारच्या आजोबांनी विचारलं, मास्तर, मासा धरायचाय की शिवायचाय. बटण इतकी हसली की तिला उचकी लागली. तू गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. आता मासे धरायचा तंगूस, तो न भिजणारा नायलॉनचा धागा, आणला आहे.

कळावे. लोभ आहेच, तो उसवू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


१४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र वाचून आनंद झाला असं लिहिणार होते, पण तू माझं खोटं लहानपणापासून ओळखतोस. आनंद झाला नाही. हेवा वाटला. उचकी लागेपर्यंत हसली, एवढीच ओळ मी चारदा वाचली. तिची उचकी पाण्यानं थांबत नाही, पाठीवरून हात फिरवावा लागतो. फिरवलास का?

तिचे वडील गेल्यापासून आम्ही दोघीच होतो. हसली तरी माझ्याकडे बघून, रडली तरी माझ्याकडे बघून. हे दात घडवायचं शिक्षण मी तिच्यासाठीच घेते आहे, असं रोज सकाळी स्वतःला बजावावं लागतं. दिवसभर प्लास्टरच्या धुळीत बसून मेणाचे दात खरवडते. कुणा अनोळखी म्हाताऱ्याच्या हसण्याची सोय मी करायची आणि माझ्या मुलीचं हसू तू बघायचं, हा कुठला न्याय?

तिची वेणी तुझ्याकडे दिली, अभ्यास दिला, ताप-खोकला दिला. कुरकुरले नाही. पण आता एक अट घालते. पहिला मासा माझ्यासमोर. सुट्टी लागली की मी येतेच आहे. तोवर शिका, चिखल तुडवा, कपडे भिजवा, पण धरू नका. हा वेडेपणा आहे, कळतंय मला. कळूनच लिहिते आहे.

काठावर तिला एकटीला सोडू नकोस. चप्पल घसरणारी असेल तर दुसरी घे.

लोभ आहे, पण सध्या जरा आंबट झालाय, चालवून घे.

तुझी,
ताई


२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी पत्रं मी जेवणं झाल्यावर मोठ्यानं वाचतो. यातलं हेव्याचं वगळलं, पण अट वाचली. तीही वगळायला हवी होती असं नंतर वाटलं. बटणानं गंभीरपणे मान हलवली आणि सुट्टी कधी लागते ते विचारलं.

तसं तुला घाबरायचं कारण नाही. माशांनी आम्हाला भीक घातलेली नाही. आधी गांडुळं आणली. मी एक हातात घेतलं आणि ओरडून टाकून दिलं. बटणानं ते शांतपणे उचललं, पण गळाला ओवायचा तिलाही धीर होईना. शेवटी त्याला परत ओल्या मातीत ठेवून त्याच्यावर पान पांघरून आली. मग पिठाच्या गोळ्यांवर आलो. गोळी पाण्यात गेली की विरघळते, मासे ती फस्त करतात आणि आमच्या हाती रिकामा गळ. धरणं राहिलं बाजूला, आम्ही त्यांना जेवू घालतोय. मासे गुटगुटीत दिसायला लागलेत.

पण ताई, खरं सांगू? मजा येते. पाण्यावरचं बूच जरासं हललं की दोघांचाही श्वास अडकतो. मी शिंकलो तर ती मला दटावते, तुझ्यासारखी भुवई वर करून. उचकीचं विचारलंस. पाठीवरून हात फिरवला होता, न सांगता. लहानपणी पोहणं, सायकल, गणित, सगळं तुला माझ्याआधी आलं. एक गोष्ट तरी मला आधी येऊ दे की.

लोभ ढिला पडला असेल तर दोन टाके जास्त घाल.

तुझा,
धाकटा


२० मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

पान पांघरलं! हे मी बघायला हवं होतं. तुझं पत्र वाचून दोन दिवस कामात लक्ष लागलं नाही, एका बाईंची कवळी उलटी बसवली आणि मुख्य बाईंची बोलणी खाल्ली.

मग काय केलं माहीत आहे? आमच्या कामाच्या खोलीमागे कालवा आहे. त्याच्या कठड्यावर एक निवृत्त बसड्रायव्हर दुपारी गळ टाकून बसतात. जेवणाचा डबा घेऊन मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग एकदा काठी हातात दिली. आणि ऐक, मला मासा मिळाला. बोटाएवढा, पण मिळाला. आता मला येतं आणि तुला येत नाही. तुमची गोळी का विरघळते ते मला समजलंय, आणि मी सांगणार नाही. येईन तेव्हा बटणाला माझ्या हातानं दाखवीन. तू बघत बस.

गंमत म्हणजे मासा हातात आल्यावर मी मागे वळून बघितलं. कुणाला दाखवू? ड्रायव्हरकाका डुलकी घेत होते. पाण्यात सोडून दिला.

दुसरं असं, की मला इथेच कायमची नोकरी देताहेत. एक खोलीही बघितली आहे, खिडकी मोठी आहे. सुट्टी संपताना बटणाला मी घेऊन येणार. तुला घर रिकामं वाटेल, ते मला समजतं. पण मी ते इतके महिने सोसलंय, आता तुझी पाळी.

लोभ सगळा तळ्याकाठी सांडू नकोस, थोडा इकडे धाड.

तुझी,
ताई


९ एप्रिल

ती. आईस,
सा. न.

मी बरी आहे. मामा बरा आहे. माझा पुढचा दात पडला. मामाने तो डबीत ठेवला आहे, तुला कामाला येईल का?

मामाने नवीन खोलीचं वाचून दाखवलं. खिडकीतून पाणी दिसतं का?

आम्ही तळ्यावर जातो. आम्हाला अजून मासा मिळाला नाही. गळातून काढला तर माशाचं तोंड दुखतं का? तू दात करतेस म्हणून तुला विचारते. आणि सोडला तर तोच मासा परत येतो का? तू येईपर्यंत थांबतो का? तू लवकर ये. किती लवकर ते कळव.

मामा म्हणतो शेवटी लोभ असावा असं लिही. पण मला ते काय असतं माहीत नाही. असला तर असावा.

तुझी,
बटण


१७ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

बटणाचं पत्र मिळालं. उशाशी घेऊन झोपले. अक्षर सुधारलंय, ते श्रेय तुझं.

आता जरा फुशारकी मारू दे. माशांचा सोस ओसरला बरं का तुझ्या भाचीचा. तिला माशाच्या तोंडाची दया यायला लागली आहे आणि मी किती लवकर येते एवढंच विचारते आहे. मला ठाऊक होतं. नवी नवलाई होती ती. तिला तळं नको आहे, आई हवी आहे. वाईट वाटून घेऊ नकोस, पण मला फार म्हणजे फारच बरं वाटलं. कामाच्या खोलीत गुणगुणत होते, तर मुख्य बाईंनी विचारलं, पगार वाढला का.

ती काठी परत पडद्याला लाव.

लोभ आता चांगला गोड झाला आहे, निर्धास्त असावे.

तुझी,
ताई


२८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला काही सांगणार नाही अशी मी बटणाजवळ शपथ घेतली होती. माझी मोठी कात्री हातात देऊन तिनं ती घेववली, आणि कात्रीची शपथ मी आजवर मोडलेली नाही. आज मोडतो आहे, कारण तुझं गुणगुणणं मला सहन झालं नाही.

मासा मिळाला आहे. मार्च संपतानाच मिळाला. तंगुसाला गळ बांधताना मी सवयीनं वरून लाल दोऱ्याचे वेढे घेतले आणि गडबडीत टोक कापायचं विसरलो. गोळी नेहमीसारखी विरघळली, पण त्या लाल टोकाला मासा येऊन लागला. बटणानं एकटीनं ओढला. तळहाताएवढा, चकचकीत. मी वेड्यासारखा उड्या मारत होतो, पाय घसरून गुडघ्यापर्यंत पाण्यात गेलो, तरी भीतीसुद्धा वाटायची राहिली. आणि तिनं काय केलं? ओल्या हातात मासा धरून मागे रस्त्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग गळ काढला आणि तो सोडून दिला. म्हणाली, आईनं पाहिला नाही म्हणजे हा पहिला नाही.

त्यानंतर पुन्हा मिळाले. ती ओढते, रस्त्याकडे बघते, सोडते. घरी येताना आम्हाला अजून मासा मिळाला नाही असं ती मला सांगते आणि मी हो म्हणतो. हसणं केव्हाच थांबलं. आता बूच बुडालं की ती दचकते. गेल्या रविवारी तिनं मला गळ बांधूच दिला नाही. नुसता तंगूस पाण्यात सोडून दुपारभर बसली, काही लागू नये म्हणून. शेजारच्या आजोबांनी विचारलं, तर त्यांना म्हणाली, आई येईपर्यंत असंच चालणार.

तुझं गोळीचं गुपित तुलाच लखलाभ. मला राग आला आहे, पण तो धरून बसावं एवढाही माझा हक्क नाही, कारण हेवा मलाही वाटला. तुला एकटीलाच वाटतो असं समजू नकोस. मी तिच्या शेजारी बसतो, तिचा डबा उघडतो, तिची वेणी घालतो, आणि ती सगळा वेळ रस्त्याकडे बघते. ती तिच्या आयुष्यातला पहिला मासा तुझ्यासाठी सोडून देते. माझ्यासाठी कुणी कधी काही पाण्यात सोडलेलं नाही. आणि जूनमध्ये तू तिला घेऊन जाशील.

आज लोभाचं काही लिहीत नाही. तो आहे, पण लिहायला हात होत नाही.

धाकटा


५ मे

चि. बटणास,
अनेक आशीर्वाद आणि दोन्ही गालांचे पापे.

तुझं पत्र मी उशाशी ठेवलं, पण नीट वाचलं आज. मामाला रागावू नकोस, त्यानं शपथ मोडली ती माझ्यामुळे. तुझा दात जपून ठेव, मी इथे केलेल्या सगळ्या दातांपेक्षा तो चांगला असणार.

तू विचारलंस, सोडलेला मासा थांबतो का. नाही थांबत, बाळा. त्याला काय माहीत की आई यायची आहे? म्हणून तूही थांबायचं नाही. माझी अट मी काढून घेतली. ती चुकीची होती आणि मी मोठी असूनही ती घातली. तू धरलास तोच पहिला मासा. मी नव्हते तरी तोच पहिला.

आता ऐक. पिठाची गोळी मळताना त्यात थोडा कापूस पिंजून घालायचा. मामाच्या दुकानात कोटाच्या खांद्याच्या गादीत भरायचा असतो, तोच चालेल. कापूस पिठाला धरून ठेवतो, मग गोळी विरघळत नाही. हे मामाला तू शिकव. त्याला कुणी काही शिकवलं की तो फार खूश होतो, पण दाखवत नाही.

येत्या रविवारी गळ बांधून घे. बूच बुडालं की रस्त्याकडे बघायचं नाही, मी तिथे नसेन. पाण्याकडे बघ, आणि मग मामाकडे बघ. तो उड्या मारेल तेव्हा पोटभर हस. उचकी लागली तर त्याला माहीत आहे काय करायचं ते. मासा ठेव नाहीतर सोड, तुझ्या मनानं कर, फक्त माझ्यासाठी सोडू नकोस. वाचून मला हेवा वाटेल. मोठ्या माणसांनाही वाटतो. पण तो माझा आहे, माझा मी बघून घेईन. तुला त्याच्यासाठी काही करायचं नाही.

सुट्टी लागली की मी येते. या जूनमध्ये तू इकडे यायचं की शाळा तिथेच पुरी करायची, ते आपण तिघांनी बसून ठरवू, तुझ्याशिवाय ठरणार नाही. खिडकीतून पाणी दिसतं, पण जरा मान वाकडी करावी लागते.

लोभ म्हणजे माया. ती मामावर कर, माझ्यावर कर. कुणावर किती, ते मी मोजणार नाही.

तुझी,
आई

ता. क. धाकट्या, एवढं मोठ्यानं वाचू नकोस. मोजणार आहे.