झोळीची दोरी

नागपूर, शुक्रवार संध्याकाळ, १९५४

शांती आजही झोपत नव्हती. तिची आई गेली, माग विकला आणि उमरेड सोडून इथे आलो, तेव्हापासून हेच. गिरणीतून परतलो तर रडून तिचा आवाज बसलेला. दिवसा तिला सांभाळणाऱ्या शेजारच्या भागाबाई म्हणाल्या, "दूधही घेऊन नाही राहिली गा. तिच्या मावशीले बोलाव, नेऊ दे पोरीले. बाप्या माणसाले हे जमते का?"

मावशी चांगलीच आहे. पण शांतीही गेली तर या खोलीत मी कशाला राहू?

झोळीला हळू झोका दिला. रडणं वाढलं. मग उमरेडच्या घरातली झोळी आठवली. तिची आई विणायला बसली की झोळीची दोरी मागाच्या पायपट्टीला बांधायची. पट्टी दाबली की झोळीला हिसका बसे. पोरीला झोका माहीतच नाही, हिसकाच माहीत. इतके दिवस हे कसं सुचलं नाही?

दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधली आणि पाय दाबत राहिलो. तोंडानं मागाची खटखटही केली.

भागाबाई दारातून हसल्या. "काहून गा, लुगडं विणून राहिला का?"

रडणं थांबलं होतं. डोळे मिटता मिटता शांती म्हणाली, "माय?"

भागाबाईंचं हसू गेलं. शांतीनं पुन्हा विचारलं, "माय?"

मी ओ दिली.

ती झोपली आहे. लिहितानाही पाय थांबवलेला नाही.