बाबांची मासोळी

मंगळवार, ४ मार्च

परत आडवी! बांधलेली ही सातवी खोटी मासोळी. टबात सोडली, दोऱ्याने ओढली, आणि बया कुशीवर कलंडूनच निघाली. तलावातला 'बास' जातीचा मासा काय आंधळा आहे? मेलेली मासोळी अशी तरंगते. जिवंत नाही!

बाबांची सरळ पोहायची. मी गळ तोच घेतला. हरणाच्या शेपटीचे केस तेच — पोटाला पांढरे, पाठीला करडे. मध्ये चमकीच्या चार तारा, डोक्याशी शिशाचे दोन डोळे. सगळं बाबांच्या वहीतल्याप्रमाणे. वहीत चित्रासकट लिहिलंय : 'केस पाठीच्या मधोमध धरू नयेत. माशाच्या डाव्या कुशीला झुकवून धरावेत, मग दोऱ्याचे वेढे.' झुकवते की! तरी आडवी.

त्यात माझी कात्री दादाने खाली दुकानात नेली. म्हणून आईची घेतली. ती केस कापत नाही, नुसती चावते. आईच्या हातात कशी चालते देव जाणे.

बुधवार, ५ मार्च

खाली दादाचं गळ-दोऱ्यांचं दुकान. वर मागच्या खोलीत टेबलावरच्या व्हाइसच्या चिमट्यात गळ अडकवून बांधत बसते ती मी. अकरा वर्षं, बाबा गेल्यापासून. दुकानातला एकूण एक खोटा मासा, खोटा किडा माझ्या हातचा. आणि गिऱ्हाइकांपुढे हा छाती फुगवून सांगतो, "बाबांचा हात माझ्यात उतरलाय." हात! बुटाची नाडी धड बांधता येत नाही!

फक्त बाबांच्या मासोळीला मी कधी हात लावला नव्हता. ते गेले तेव्हा भरलेल्या सहा डब्या होत्या. आता त्यातल्या दोनच मासोळ्या उरल्यात, म्हणून नव्या बांधायला घेतल्या. आणि नेमकं आज दादा सांगत आला — तलावावरच्या क्लबात १६ तारखेला ती मासोळी काचेच्या चौकटीत लावणार. एक जुनी, एक नवी. खाली कार्ड : 'वडिलांची कला, मुलाच्या हातात.'

"कुठल्या मुलाच्या?" मी विचारलं.

"अगं, तसं लिहायची पद्धत असते."

पद्धत म्हणे!

शुक्रवार, ७ मार्च

दादाशी बोलणं बंद. जेवताना मीठसुद्धा आईमार्फत मागितलं.

सोमवार, १० मार्च

आज तोंड उघडलं. सरळ सांगितलं, कार्डावर माझं नाव नसेल तर मासोळी नाही. तूच बांध, तूच टांग!

दादा म्हणाला, "बाईने बांधलंय म्हटलं की लोक नाक मुरडतात. मी काय मुद्दाम करतो?"

"मुरडू देत. नाकं त्यांची आहेत."

"बाबा असते तर —"

"बाबा असते तर तुझा कान धरला असता!"

आई भांडी पुसत होती. म्हणाली, "इतकं ताणू नये गं." गं! म्हणजे मलाच. समजुतीने घ्यायचं ते नेहमी मीच. आईला यातलं काय कळतं? जन्मात कधी तलावावर गेली नाही, गळाला हात लावला नाही.

शेवटी दादा नमला. "बरं बाई, कार्ड तू लिही. पण क्लबचे सेक्रेटरी ती सगळ्यांसमोर पाण्यात ओढून दाखवणार आहेत. आडवी झाली तर माझी अब्रू जाईल, तुझी नाही." तुझी नाही म्हणे. मला अब्रूच नाही की काय!

मंगळवार, ११ मार्च

कार्ड लिहिलं. 'वडिलांची कला, मुलीच्या हातात.' खाली माझं पूर्ण नाव. तीनदा लिहिलं तेव्हा मनासारखं सुबक झालं.

मासोळी अजून आडवीच.

गुरुवार, १३ मार्च

चौदा झाल्या. चौदाही आडव्या! एक तर भिंतीवर फेकून मारली. गळ कॅलेंडरात रुतला.

मास्तर दुकानात आले होते. बाबांचे तलावावरचे जुने सोबती. वर येऊन माझी फजिती बघितली आणि हसले. "तुझ्या बाबांनी आम्हाला कधी बांधून दाखवली नाही हो. आम्ही सगळे तिथेच काठावर बसून बांधायचो. हे मात्र घरूनच डबी भरून आणायचे. विचारलं तर म्हणायचे, गुपित आहे."

ऐकून फार बरं वाटलं. पक्के होते बाबा.

शनिवार, १५ मार्च

नीट लिहायला हवं.

उरलेल्या दोन जुन्या मासोळ्यांपैकी एक आज मोडली. ब्लेडने डोक्यावरची लाख खरवडली, दोऱ्याचं टोक शोधलं आणि उलगडायला लागले. दोरा माझ्या उलट दिशेने सुटायला लागला. आधी वाटलं गळ उलटा लावला. नाही. वेढेच उलटे होते.

दोऱ्याच्या ताणाने केस नेहमी बांधणाऱ्यापासून पलीकडे सरकतात. म्हणून ते आपल्या बाजूला धरायचे, म्हणजे सरकून मधोमध येतात. मी उजव्या हाताची, म्हणून माझ्या बाजूला येते ती माशाची उजवी कूस. मी वहीबरहुकूम डावीकडे धरत होते, आणि दोरा त्यांना आणखी डावीकडे ढकलत होता. आडवी होईल नाहीतर काय! माशाची डावी कूस आपल्याकडे येते ती डावखुऱ्या माणसाच्या. गळ उलट्या तोंडाने लावणाऱ्याच्या.

लगेच केस उजव्या कुशीला धरून एक बांधली. टबात सोडली. सरळ! शेपटी हलवत, अगदी सरळ!

आनंद दोन मिनिटं टिकला. कारण बाबा उजवे होते. सही उजव्या हाताने, गळ टाकायचे उजव्या हाताने, मला जन्मात एकदाच मारलं तेही उजव्या हाताने.

टेबलावर आईची कात्री होती. डाव्या हातात धरून बघितली. केस कचकन कापले गेले.

आम्ही शाळेत, बाबा कामावर. दुपारी घरात कोण असायचं? वहीतलं ते सगळं बाबांनी कधीतरी आईच्या शेजारी बसून, बघून बघून उतरवलेलं. गुपित म्हणे! अकरा वर्षं मी दादावर जळफळतेय, आणि ज्यांच्या फोटोला रोज नमस्कार करते त्यांनी हेच केलं! इतका राग मला दादाचासुद्धा कधी आला नाही.

रविवार, १६ मार्च

क्लबात जायला तासभर होता. आई चहा गाळत होती. मोडलेली मासोळी तिच्यापुढे ठेवली.

बघून म्हणाली, "मोडलीस होय? डोळे टाकू नकोस. परत वापरता येतात."

"आई, कधी बोलली का नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही." डाव्या हाताने कप माझ्यापुढे सरकवला. "तू तरी कुठे विचारलंस?"

कार्ड माझ्या पर्समध्ये होतं. तीनदा लिहून सुबक केलेलं — 'वडिलांची कला...'