रेखाचं रक्त

४ फेब्रुवारी
नाव कळलं एकदाचं. मायलोडिसप्लास्टिक सिंड्रोम. डॉक्टर एमडीएस म्हणतात, मीही तेच म्हणणार. हाडाच्या आत रक्त तयार होतं, तिथंच बिघाड. पेशी बनतात पण कच्च्या. आमच्या खानावळीत नवी बाई लाटायला आली की निम्म्या पोळ्या कच्च्या निघतात, तसं काहीसं.
बाहेर बाकावर सगळे म्हातारे. बायका फक्त सोबतीला आलेल्या. एका आजोबांनी विचारलं, "कुनाला घिऊन आली पोरी?"
म्हटलं, मलाच.
सत्तरीच्या पुढचे असावेत. त्यांचा इतका राग आला. सत्तर वर्षं मिळाली की यांना. मी बावन्न.

७ फेब्रु.
आमच्या यांना झोप नाही. नागापूरच्या कारखान्यात जन्मभर रंगकाम, कपड्यांना कायम थिनरचा वास. "माझ्या कपड्यांनी तर झालं नसंल?" एकच प्रश्न. डॉक्टरांनी त्यांचंही रक्त तपासायला लावलं. एकदम ठणठणीत. वास यांनी घेतला, रक्त माझं बिघडलं. भाजीत मीठ दोनदा पडलं, जेवायला येणाऱ्या कामगारांनी ताटं तशीच ठेवली.

१२ फेब्रु.
आज डॉक्टरांना धरूनच बसले. का झालं सांगा म्हटलं.
म्हणाले, हा आजार बहुतेक साठी-सत्तरीनंतरचा. बायकांपेक्षा पुरुषांत जास्त. बाहेरच्या देशांपेक्षा आपल्याकडे जरा कमी वयाचे पेशंट दिसतात. बऱ्याच जणांचं कारण सापडतच नाही. थिनरसारखी रसायनं काहींच्या बाबतीत असू शकतात, पण तुमच्या बाबतीत शंका जास्त करून केमोवर. छातीच्या कॅन्सरच्या गाठीसाठी मागं घेतलेली. काही वर्षांनी असं होऊ शकतं.
"केमो घेतलेल्या सगळ्यांना होतं?"
"नाही हो, फार थोड्यांना."
"मग मलाच का?"
"ते आकड्यांतून कळत नाही, मंगलताई. आकडे हजार बायकांबद्दल सांगतात. तुमच्या एकटीबद्दल नाही."
हजार बायका मला माहीत नाहीत. एक माहीत आहे. रेखा. केमोच्या वेळी शेजारच्या कॉटवर होती. तीच गाठ, तेच औषध, लाल रंगाचं. आम्ही त्याला सरबत म्हणायचो. दोघींना एकदमच टक्कल पडलं, एकदमच केस आले. तिचे दाट आणि कुरळे आले.
निघताना डॉक्टर म्हणाले, तुमच्याबरोबर कुणी तेच औषध घेतलं असेल तर वर्षातून एकदा रक्त तपासायला सांगा.

१६ फेब्रु.
रेखा जामखेडहून आली. शाळेत कामाला आहे, तिथून परस्पर एसटीनं. शेंगदाण्याचे लाडू, दोन साड्या, आणि बडबड. जिना धडाधडा चढून आली, दम नाही की काही नाही. मी दोन पायऱ्यांवर टेकते.
तिच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या बघत होते. डॉक्टर माझ्या बघतात तशा. लालबुंद, माझ्यासारख्या फिक्या नाहीत.
तपासणीचं सांगितलं नाही. उगीच घाबरेल, असं मनाशी म्हटलं. खरं तर

(पुढचं नंतर. हात भरून आला.)

२३ फेब्रु.
पोटात इंजेक्शनं सुरू. रोज नवी जागा. रक्ताची एक पिशवीही चढवली.
रेखा शनिवारी शिंगणापूरला जाऊन माझ्या नावानं तेल वाहून आली. उन्हात रांगेत उभी होती म्हणे. फोनवर सांगत होती, मी "बरं बरं" म्हणत होते. मनात एकच, हिला उभं राहता येतं.

३ मार्च
बाकावर तेच आजोबा. आज स्वतःहून बोलले. म्हणाले, "तुला भाऊ हाय ना? डाक्टर म्हनले, तरण्या मान्साला भावाच्या हाडातलं घालत्यात. आमचं वय गेलं. मला न्हाई म्हनले." मग माझ्याकडं बघत राहिले. "लई नशिबाची हायेस बाई."
नजर ओळखीची वाटली. मी रेखाकडं तसंच बघते.
दादाचं रक्त जुळतं का बघायला पुण्याला पाठवलंय. अजून निरोप नाही.

११ मार्च
आज रेखाला तपासणीचं सांगितलं. चांगल्या मनानं नाही.
रेखा सहलीचे फोटो दाखवत होती. शाळेच्या बायकांबरोबर कोकणात गेलेली. पाण्यात उभी, पदर खोचलेला, हसतीय. मी फोटो बघता बघता म्हटलं, "तूही रक्त तपासून घे. तेच औषध आहे. तुलाही होऊ शकतं." अगदी शांतपणे. फोन तिच्या हातातच राहिला.
"कधी सांगितलं डॉक्टरांनी?"
"मागंच."
चहा न पिता गेली. कप झाकून ठेवला होता, नंतर ओतून दिला.

१४ मार्च
तिचा फोन. हिमोग्लोबिन थोडं कमी आलंय. बाकी पेशी ठीक. बी-ट्वेल्व्ह कमी असेल, गोळ्या घ्या, काही आठवड्यांनी परत तपासू असं तिथले डॉक्टर म्हणाले.
ऐकलं आणि आत काहीतरी हलकं झालं. खरंच झालं. देवा, ही माझी मैत्रीण आहे.
हे म्हणाले, "रडतीस का?" सांगितलं, रेखाचं रक्त कमी आलंय म्हणून. खोटं नव्हतं.

२१ मार्च
रेखा आली. यांना म्हणाली, "दाजी, जरा बाहेर जाता का?" हे चपला घालून गेले.
ती समोर बसली. "मला झालं असतं तर तुला बरं वाटलं असतं, व्हय ना?"
नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. "हो," आलं.
वाटलं उठून जाईल. बसून राहिली. मग म्हणाली, "तुला झालं ऐकलं तवा मला काय वाटलं, ठाऊक हाय? वाटलं, मी सुटले. दोघींतली एक जायची हुती, ती मी न्हाई." पदरानं नाक पुसलं. "तेल वाहायला काय तुझ्यासाठीच गेल्ते का मी."
खाली कामगार जेवायला आले, पोळ्या वाढायला कुणी नव्हतं. ती उठली, हात धुतले, खाली गेली. वरून तिचा आवाज ऐकत बसले. सगळ्यांना "अजून घ्या की" म्हणत होती. माझ्याच खानावळीत. तेही सहन झालं नाही.

९ एप्रिल
इंजेक्शनांचा दुसरा फेरा संपला. तोंडाला चव नाही. पुण्याहून दादाचं अजून काही नाही, परत फोन केला तर "कळवू" म्हणाले.
बाकावर ते आजोबा नव्हते. नर्सला विचारावंसं वाटलं, विचारलं नाही.

१७ एप्रिल
उद्या रेखाची परत तपासणी. इथंच, नगरला, माझ्या डॉक्टरांकडं. संध्याकाळी फोन केला तिनं.
"येशील का माझ्याबरोबर?"
म्हटलं, येते.
"कागद हातात आला की आधी तू वाच. मला त्यातलं काय कळत न्हाई. तुझ्या तोंडावरून कळंल."
हो म्हणून बसले. तेव्हापासून आरशाकडं जायचं टाळतीय. चांगलं आलं तर माझ्या तोंडावर काय दिसेल, आणि वाईट आलं तर काय. बाकी काही नाही, ती माझं तोंड चुकीचं वाचेल एवढीच भीती. की बरोबर वाचेल.