तू आधी शांत हो

२ मार्च, सोमवार

आज सकाळी माझं आयुष्य बदललं. ती मामाच्या सायकल दुकानात परत आली. शनिवारीच मी तिच्या सायकलला नव्या ब्रेकवायरी घातल्या होत्या. (डोळे तिच्याकडे, हात वायरींवर. कसब लागतं.) म्हणाली, जरा बोलायचं होतं. तेवढ्यात एक ढेरपोट्या मध्ये घुसला. आधी माझं पंक्चर काढ म्हणे! मी पाना उचलला. नुसता दाखवायला. तर ती म्हणाली, "तू आधी शांत हो, मग बोलू." आणि गेली. सायकल हातात धरून, चालत. सायकल असून चालत! प्रेमात माणसाचं असंच होतं.

ठराव: शांत होणे. ताबडतोब.

३ मार्च

दुकानाच्या वरच योगाचा क्लास आहे. ती तिथे जाते. नाव घातलं. बाई म्हणाल्या, तुला बालासन बरं. गुडघ्यांवर बसायचं, पुढे वाकून कपाळ जमिनीला टेकायचं, हात सैल. म्हटलं, काहीतरी अवघड द्या, मी दणकट आहे. म्हणाल्या, तुला हेच अवघड जाईल. बाईंना माणसं ओळखता येत नाहीत.

क्लासच्या दाराला वर एक दांडा बसवलाय. कितीही ढकला, ते आपलं सावकाशच मिटतं. ढोंगी दार.

४ मार्च

श्वास सोडा, खांदे सोडा, जबडा सोडा. सोडण्यात माझा हात कोण धरणार? मी कॉलेज सोडलंय. तेही चालू परीक्षेत, सरांच्या टेबलावर पेपर आपटून.

एकच अडचण. कपाळ खाली गेल्यावर ती दिसत नाही, फक्त टाचा दिसतात. पण काय टाचा! आतून शांत असलेल्या माणसाच्या टाचा.

६ मार्च

शांती आली. नाश्त्यापर्यंत टिकली. घरी सराव करत होतो, तर ताई म्हणाली, काय रे, अंडी उबवतोयस का? कपाळ जमिनीवर तसंच ठेवून तिच्यावर ओरडलो. आसन मोडलं नाही, ही प्रगती. मग उठून दार आपटलं. बिजागरी निखळली. आई म्हणाली, तुझी मनःशांती पुरे झाली बाबा, घरात एखादं दार राहू दे.

बिजागरी आधीपासूनच ढिली होती.

९ मार्च

ढेरपोट्या परत आला. आल्या आल्या म्हणाला, मागच्या वेळचं पंक्चर पुन्हा उघडलं. पाना समोरच होता. पण मी कोण? मी थेट जमिनीवर बालासनात. तो घाबरला. बेअरिंगचा छर्रा हरवला का रे, म्हणत तोही शेजारी ओणवा झाला. मामा आतून आला. म्हणाला, दोघं मिळून कुणाची माफी मागताय?

मामाला पाना दाखवला. नुसता.

११ मार्च, बुधवार

आज जमलं! कपाळ टेकलं आणि डोकं एकदम रिकामं. बाईंनी हलवलं तेव्हा क्लास सुटला होता. म्हणे घोरत होतास. समाधी आणि घोरणं यांतला फरक बाईंना कळत नाही. बाकी सगळे गेले होते. ती थांबली होती. माझ्यासाठी!

म्हणाली, आज शांत दिसतोयस, बोलू का? म्हटलं, बोल. (कपाळावर चटईची नक्षी उमटलेली. असू दे.)

म्हणाली, तू ब्रेकच्या वायरी उलट्या घातल्यास. मागचा ब्रेक दाबला की पुढचं चाक थांबतं आणि मी हँडलवरून पुढे. तेव्हापासून चालतेय. दुकानात यायची भीती वाटते, तुझ्या हातात सदा पाना.

मी विचारलं, आणि?

म्हणाली, आणि काय? हां, घंटीपण वाजत नाही.

उठलो. चपला घातल्या. बाहेर आलो आणि सगळा जोर लावून दार आपटलं. आपटलं कसलं, ते सावकाश, अगदी सावकाश मिटायला लागलं. मी दोन्ही हातांनी ढकलतोय, कमी कमी होत जाणाऱ्या फटीतून ती बघतेय, आणि आतून बाई सांगतायत, हां, अस्सं, आता श्वास सोड.

सोडला. तेव्हा कुठे दार लागलं.