आईच्या कपाटातली कार्डं

पिट्सबर्ग, १८ मे १९८६

प्रिय मृणालिनी,

पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. फक्त वैतागलोय. एका शब्दाने डोकं खाल्लंय, आणि तो तुझ्याच खात्यातला आहे.

परवा शेजारची हेलन म्हणाली, आता तुझ्या आईची खोली ‘रेड अप’ करायला हवी. म्हणजे आवरायला हवी. वीस वर्षं हा शब्द ऐकतोय, पण आला कुठून? आज लायब्ररीत जाऊन जाडजूड डिक्शनरी काढली. स्कॉटलंड, उत्तर इंग्लंडकडचा जुना शब्द. तिकडची माणसं इथे पेनसिल्व्हेनियात आली, त्यांच्याबरोबर आला. त्याच्या मागचं मूळ मात्र डिक्शनरीलाही धड सांगता येईना! चष्मा आपटला मी टेबलावर. जन्मभर लोकांची हृदयं तपासली आणि आता हे उद्योग.

तू मेडिकल सोडून बोलीभाषांच्या मागे लागलीस, तेव्हा मी काय तमाशा केला होता! बुटांच्या खोक्यांत जपलेली तुझी शब्दांची कार्डं गॅरेज आवरताना कचऱ्यात टाकली. आवरताना कसलं, रागानेच टाकली. तू कॅलिफोर्नियाला गेलीस ती गेलीसच. मार्चमध्ये आई गेली तेव्हा तीन दिवस आलीस, तर मी मूर्खासारखा तुझ्या फ्लाइटची वेळ विचारत बसलो.

काल तिच्या साड्या मंडळातल्या बायकांना द्यायच्या म्हणून कपाट उघडलं. पैठणीखाली तुझी खोकी! सगळीच्या सगळी. कचऱ्यातून उचलून आणली आणि मला पत्ता लागू दिला नाही बघ. वर शंभरेक नवी कार्डं, तिच्या अक्षरात, देवनागरीत. तू गेल्यावरही ही बाई हेलनकडून, बसड्रायव्हरकडून शब्द गोळा करत होती. मला इतका राग आला तिचा, आणि मग रडूच आलं.

सगळ्यात वरचं कार्ड असं: ‘रेड अप. आवरणे. हेलन रोज म्हणते. कुठून आला? मृणाल आली की विचारायचं.’ म्हणून गेलो होतो मी लायब्ररीत. अर्धंच उत्तर मिळालं, उरलेलं तू त्याच कार्डावर लिही. माझं चुकलं, बेटा. खोकी पोस्टाने पाठवणार नाही, तूच ये. साड्या पलंगावर तशाच पडल्यात, माझ्याने एकीचीही घडी होत नाही.

तुझाच,
बाबा